वाचकांचे प्रश्न : लॅपटॉप अभ्यासाचा, आणि गेमिंगचाही

प्रवेशाच्या कॅप फेऱ्या संपून कॉलेजं सुरू झाली की लॅपटॉपविषयीची पत्रं वाढतात. या वेळी निवडलेल्या बहुतेक पत्रांचं मूळ एकच आहे. जाहिरातीत ठळक छापलेलं प्रोसेसरचं ‘आय ७’, ग्राफिक्स कार्डाचं ‘आरटीएक्स’, रॅमचं ‘१६ जीबी’ खोटं नसतं, पण त्यावरून मशीन कसं चालेल हे कळत नाही. ते ज्या आकड्यांवरून कळतं ते बारीक अक्षरात असतात, किंवा छापलेलेच नसतात. ते कुठे पाहायचे, हे उत्तरांत जमेल तितकं दिलं आहे.

प्रश्न (एक पालक, सांगली) : मुलाला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आहे. बजेट ८५ हजार. अभ्यासासाठीच घेतोय, पण तो व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह खेळणार हेही माहीत आहे. दुकानात दोन लॅपटॉप दाखवले. दोन्हींत आरटीएक्स ४०५०, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. किमतीत मात्र नऊ हजारांचा फरक. एका मॉडेलवर आय ७ आहे, दुसऱ्यावर आय ५, आणि महाग आहे तो आय ५ वाला. हे कसं?

उत्तर : दुकानदार फसवत असेल असं लगेच समजू नका. महाग मॉडेल खरोखरच चांगलं असू शकतं. पाच गोष्टी तपासा, म्हणजे कळेल.

पहिली, ग्राफिक्स कार्डाचे वॉट. लॅपटॉपमधली आरटीएक्स ४०५० ही चिप ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा कंपन्यांना असते. नाव तेच राहतं. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये ती ४५-५० वॉटवर बांधलेली असते, कारण त्याहून जास्त उष्णता बाहेर टाकायला आत जागाच नसते. जाड लॅपटॉपमध्ये ९५-१०० वॉट मिळतात. या दोघांतला फरक गेममध्ये डोळ्यांना दिसतो. १०० वॉटच्या वर मात्र या चिपला जवळपास काहीच फायदा होत नाही, त्यामुळे ११५ किंवा १४० च्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. हा आकडा कंपनीच्या वेबसाइटवर स्पेसिफिकेशनच्या तळाशी ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्स ग्राफिक्स पॉवर’ या नावाने असतो. दुकानात लॅपटॉप चालू असेल तर एनव्हिडिया (आरटीएक्स बनवणारी कंपनी) कंट्रोल पॅनल उघडा, हेल्पमध्ये सिस्टिम इन्फर्मेशनवर जा, तिथे दिसेल.

दुसरी, स्क्रीन. स्वस्त मॉडेलमध्ये पैसे वाचवायची ही ठरलेली जागा. रंग किती दिसतात त्याचं माप ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असेल तर तो पॅनल फिका असतो. गडद लाल रंग त्यावर विटकरी दिसतो, आणि कडेने पाहिलं तर सगळंच धुरकट. ‘१०० टक्के एसआरजीबी’ आणि निदान ३०० निट उजेड हवा. खिडकीशेजारी बसून २५० निटच्या स्क्रीनवर काळ्या पार्श्वभूमीवरचा कोड वाचणं त्रासाचं असतं. गेम तो दिवसातून दोन तास खेळेल, स्क्रीनकडे आठ तास पाहील. १९२० गुणिले १२०० ची थोडी उंच स्क्रीन मिळाली तर कोडच्या चार-पाच ओळी एका वेळी जास्त दिसतात, तीच घ्या.

तिसरी, रॅम. १६ जीबी म्हणजे ८ च्या दोन पट्ट्या की १६ ची एकच? एक पट्टी असेल तर प्रोसेसरला मेमरीचा निम्माच वेग मिळतो, आणि व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये मध्येच झटके बसतात. पण एक पट्टी आणि एक स्लॉट रिकामा असेल तर ते पुढे दुरुस्त करता येतं. रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असेल, म्हणजे वर्णनात ‘एलपीडीडीआर’ असेल, तर ती कायमची तेवढीच. चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टला डॉकर, अँड्रॉइड स्टुडिओ आणि ब्राउझर एकदम उघडले की १६ जीबी भरते. म्हणून स्लॉट असलेलं मॉडेल घ्या.

चौथी, प्रोसेसरचं पूर्ण नाव. आय ५-१३५००एचएक्समध्ये १४ कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, आहेत, आय ७-१३६२०एचमध्ये १०. तुमच्या कोड्याचं उत्तर बहुधा इथेच आहे. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये ७००० आणि ८००० मालिकेतल्या चार आकड्यांपैकी तिसरा पाहा. ७६४० मधला ४ म्हणजे झेन ४ ही त्या वेळची नवी रचना. ७५३५ किंवा ७७३५ मधला ३ म्हणजे आधीची, झेन ३ घराण्यातली. दोन्ही चालतात, पण जुन्याला नव्याचा भाव देऊ नका.

पाचवी, चार्जर आणि वजन. लॅपटॉप २.३ किलो आणि चार्जर पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे पाठीवर रोज तीन किलो. होस्टेल कॉलेजच्या आवारात असेल तर काही बिघडत नाही. रोज पीएमपीच्या बसने जायचं असेल तर टाइप-सी पोर्टवर चार्ज होणारं मॉडेल शोधा. मग वर्गात ६५ किंवा १०० वॉटचा छोटा चार्जर पुरतो. त्यावर गेम मात्र नीट चालत नाही.

या पाचांपैकी स्क्रीन आणि वॉट ज्यात चांगले, त्यासाठी नऊ हजार जास्त द्यायला आमची हरकत नाही. फरक फक्त आय ७ च्या स्टिकरचा, रंगीत कीबोर्डचा किंवा मोफत बॅगेचा असेल तर देऊ नका. वाचलेल्या पैशांतून वॉरंटी तीन वर्षांची करून घ्या, तीही घरी येऊन दुरुस्ती करणारी. खरेदीच्या वेळी किंवा त्यानंतरच्या ठरावीक मुदतीत ती स्वस्त पडते.

मुलाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. दुसऱ्या वर्षापर्यंत तो लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे लिनक्स, टाकणारच. त्या वेळी बायॉसमधलं (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सेटिंगमधलं) सिक्युअर बूट बंद केलं की विंडोज ११ वर व्हॅलोरंट सुरूच होत नाही. त्याच्या अँटी-चीटला, म्हणजे गेममधली फसवेगिरी रोखणाऱ्या प्रोग्रॅमला, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, दोन्ही चालू लागतात. बहुतेक अभ्यासाला विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल पुरतं. वेगळं लिनक्स हवंच असेल तर सिक्युअर बूट चालू ठेवून टाकावं. उबुंटू त्याला चालतं, फक्त एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना मागितलेला पासवर्ड लक्षात ठेवून पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तो द्यावा लागतो.

प्रश्न (आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, नाशिक) : वर्गातल्या बऱ्याच जणींकडे मॅकबुक आहे. घरचे म्हणतात गेमिंग लॅपटॉप कशाला, तू कुठे गेम खेळतेस? मला रेव्हिट, स्केचअप आणि लुमियन लागणार आहे.

उत्तर : गेम न खेळताही तुम्हाला गेमिंग लॅपटॉपच लागेल. घरच्यांना हे असं सांगा : लुमियन आणि डी ५ सारखी रेंडरिंगची, म्हणजे डिझाइनचं खरंखुरं चित्र बनवणारी, सॉफ्टवेअर गेमसारखीच ग्राफिक्स कार्डावर चालतात, आणि रेव्हिट, लुमियन, थ्रीडीएस मॅक्स ही तिन्ही विंडोजचीच आहेत. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये पूर्वीसारखं बूट कॅम्प वापरून विंडोज टाकता येत नाही. स्केचअप, ऑटोकॅड आणि ऱ्हायनोच्या मॅक आवृत्त्या आहेत, म्हणून पहिलं वर्ष निभावतं. अडचण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते.

तुमच्यासाठी महत्त्वाचा आकडा आहे व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी. झाडं, फर्निचर, काच, माणसं असं सगळं दृश्य त्या मेमरीत भरावं लागतं. ती संपली की रेंडर एकदम मंदावतं किंवा सॉफ्टवेअर बंद पडतं, तेही ज्युरीच्या (प्रोजेक्ट तपासणीच्या) आदल्या रात्री, कारण दृश्य सर्वांत जड तेव्हाच होतं. ४०५० मध्ये ६ जीबी असते. ४०६०, ५०५० आणि ५०६० मध्ये ८ जीबी. ८ चीच घ्या. त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल. रॅम १६ ने सुरुवात करा, ३२ करता येईल असे दोन स्लॉट मात्र हवेत. स्क्रीन १०० टक्के एसआरजीबीच, नाहीतर लॅपटॉपवर राखाडी दिसलेली भिंत शीटवर निळसर छापून येते.

सॉफ्टवेअर टाकल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन रेव्हिट आणि लुमियन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा. एनव्हिडियाचा गेम रेडीऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर घ्या. आणि ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना एक वर्षाचा परवाना मोफत देतं, दर वर्षी नूतनीकरण करता येतं. क्रॅक केलेल्या प्रतीतून व्हायरस आला तर वर्षभराच्या ड्रॉइंगच्या फायली जातात. ती टाकूच नका.

प्रश्न (डिप्लोमाचा विद्यार्थी, कोल्हापूर) : माझ्या लॅपटॉपमध्ये आय ५-१२४५०एच, आरटीएक्स ३०५० (४ जीबी) आणि ८ जीबी रॅम आहे. गेम सुरू होतो, पण नवीन भागात गेलं की सेकंदभर अडकतो. रॅम वाढवली तर फरक पडेल का? घरी बसवता येते का?

उत्तर : पडेल, आणि चांगला पडेल. आधी खात्री करा. गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहा. ९० टक्क्यांच्या वर असेल आणि त्याच वेळी डिस्कचा आलेख उसळत असेल, तर विंडोज रॅममधला माल एसएसडीवर हलवतंय. तोच तुमचा झटका. त्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’समोर २ पैकी १ दिसलं तर एक स्लॉट मोकळा आहे. शेजारी वेगही लिहिलेला असतो, तो टिपून ठेवा.

तुमच्या प्रोसेसरबरोबर डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा दोन्ही रॅम आल्या आहेत, म्हणून दुकानात नुसतं ‘८ जीबी रॅम द्या’ म्हणू नका. जुन्या पट्टीवरचं लेबल वाचा. त्यावर ३२०० असेल तर लॅपटॉपची, म्हणजे सोडिम आकाराची, डीडीआर ४ ३२०० घ्या. डीडीआर ४ च्या स्लॉटमध्ये ५ ची पट्टी बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. ८ ला ८ चीच जोड लावा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या.

घरी बसवता येते. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ईमेल करून, मागचं झाकण उघडल्यास वॉरंटी राहते का, हे लेखी विचारा. मग असं करा :

विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन करा, म्हणजे ते पूर्ण बंद होतं. चार्जर काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. लॅपटॉप सुती कापडावर पालथा ठेवा. झाकणाच्या स्क्रूंना बहुतेक वेळा बारीक फिलिप्स, शून्य नंबरचा स्क्रूड्रायव्हर लागतो. कोपऱ्यातले स्क्रू बऱ्याचदा लांब आणि मधले आखूड असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वरच्या कीबोर्डपर्यंत घुसतो, म्हणून कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्याच्या-त्याच्या जागी ठेवत जा. झाकण उचकटायला धातू नको. जुनं प्लास्टिकचं कार्ड बिजागरीच्या बाजूने सरकवा, आतले खटके एकेक करून सुटतात.

आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा जोड काढा. वायरी ओढू नका, प्लास्टिकचा भाग नखांनी दोन्हीकडून धरून सरकवा. मगच रॅमला हात लावा, तोही एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज घालवल्यावर. पट्टी कडेने धरा, ३० अंशांच्या तिरक्या कोनात खाचेला खाच जुळवून पूर्ण आत ढकला, आणि खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या क्लिपा टक् आवाज करून बसल्या पाहिजेत. सोनेरी पट्टा बाहेर दिसत असेल तर ती नीट बसलेली नाही. नव्याण्णव वेळा ‘रॅम खराब निघाली’ म्हणतात ते हेच असतं.

पहिल्यांदा चालू करताना पडदा मिनिटभर, डीडीआर ५ असेल तर दोन-तीन मिनिटंही, काळा राहू शकतो. मशीन नवी रॅम ओळखत असतं. मध्येच बंद करू नका.

यानंतरही गेममधल्या भिंती, रस्ते पुसट दिसत राहिले तर ती ४ जीबी व्हीरॅमची मर्यादा आहे. तिला इलाज नाही. सेटिंगमध्ये टेक्श्चर (पृष्ठभागांवरचं बारीक चित्र) ‘मीडियम’वर आणा, बाकीच्या गोष्टी ‘हाय’वर राहिल्या तरी चालतील.

प्रश्न (होस्टेलमधला विद्यार्थी, कराड) : चार्जिंगला लावल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात. लॅपटॉप खराब आहे का? घरी असं होत नाही.

उत्तर : घरी होत नाही, यातच उत्तर आहे. लॅपटॉप ठीक आहे, होस्टेलच्या खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग नाही. चार्जरच्या आत विजेचा खरखराट गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात. त्यांतून थोडासा प्रवाह चार्जरच्या तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायचा असतो. ती वाट बंद असली की तो लॅपटॉपच्या बॉडीवर थांबतो आणि तुमच्या हातातून जातो. हा प्रवाह इतका कमी असतो की लॅपटॉपपुरता धोका नाही. पण त्याच सॉकेटवर कोणी पाणी तापवायचा रॉड किंवा इस्त्री लावली आणि त्यात बिघाड झाला, तर वाचवायला अर्थिंग नसेल. म्हणून रेक्टरकडे लेखी तक्रार कराच.

वायरमनला मीटर लावून दाखवायला सांगा. फेज आणि अर्थ यांमध्ये २३० व्होल्टच्या जवळपास आकडा यायला हवा, न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. तीन पिनांना दोन पिनांचं करणारं कन्व्हर्टर वापरू नका. अर्थची वायर नळाला किंवा न्यूट्रलला जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. न्यूट्रल तुटल्यास सगळ्या बॉडीवर पूर्ण करंट येतो.

प्रश्न (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, नागपूर) : गेम खेळताना इंटेलचा प्रोसेसर ९५ अंशांवर जातो. उन्हाळ्यात पंखे विमानासारखे ओरडतात आणि अर्ध्या तासाने गेम मंदावतो. कूलिंग पॅड घेऊ का?

उत्तर : ९५ या आकड्याने घाबरू नका. तुमच्या इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, आणि जड गेममध्ये तिच्या जवळ पोचणं या मशीनमध्ये नेहमीचं आहे. खरी तक्रार ‘अर्ध्या तासाने मंदावतो’ ही. उष्णता बाहेर जात नाही म्हणून प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतोय. मे महिन्यात तुमच्या खोलीतली हवाच चाळीसच्या आसपास असते. पंखा त्या हवेनेच गार करणार, म्हणून नागपुरात इतरांपेक्षा जास्त काळजी घ्यावी लागते.

पॅडच्या आधी फुकटचे उपाय करा. लॅपटॉपची मागची बाजू तीन-चार सेंटीमीटर उचला, खालच्या जाळीला हवा मिळाली की पॅडचा बराचसा फायदा तिथेच मिळतो. गादीवर, उशीवर कधीच नको.

मग फ्रेम, म्हणजे सेकंदाला दाखवली जाणारी चित्रं, बांधून टाका. १४४ हर्ट्झची स्क्रीन आहे म्हणून प्रत्येक गेम १४४ नेच चालला पाहिजे असं नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ आहे, कथेचे गेम ६० किंवा ७५ वर ठेवा. कार्डावरचा भार तिथल्या तिथे उतरतो.

सर्वांत परिणामकारक उपाय प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे तात्पुरता वाढवलेला वेग, बंद करणं. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण ९९ म्हटलं की टर्बो पूर्ण थांबतो आणि तापमान दहा ते वीस अंशांनी खाली येतं. जे गेम ग्राफिक्स कार्डावर अवलंबून आहेत त्यांत फ्रेम फारशा घटत नाहीत. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकमध्ये घटतील, कारण ते प्रोसेसरवर चालतात. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो, तिथे कंपनीच्या ॲपमधला ‘बॅलन्स्ड’ मोड वापरा.

लॅपटॉप घेऊन वर्ष झालं असेल तर धूळ काढा. पंख्याच्या पात्यांवर दिसणारी धूळ किरकोळ असते. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये तिचा नमद्यासारखा पट्टा जमतो, हवा तो अडवतो. झाकण उघडून, बॅटरीचा जोड काढून, पातं टूथपिकने अडवून धरा आणि ब्लोअरने जाळीच्या बाहेरून आत हवा मारा. पातं मोकळं सोडलं तर हवेच्या झोताने ते भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. चिपची उष्णता जाळीकडे नेणारी थर्मल पेस्ट बदलायची घाई नको, साफसफाई करूनही फरक पडला नाही आणि मशीन दोन-तीन वर्षांचं असेल तरच.

शेवटचं, खास विदर्भासाठी. डेझर्ट कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. वाळ्याच्या जाळीतून उडणारे पाण्याचे बारीक थेंब आणि त्यांतले क्षार पंख्यावाटे मदरबोर्डवर जातात. कूलरच्या हवेत खोली गार होऊ द्या, लॅपटॉप बाजूला ठेवा.

प्रश्न (बीसीएचा विद्यार्थी, पणजी) : नवा गेमिंग लॅपटॉप वर्गात दीड तासात बंद पडतो. बॅटरी खराब म्हणून बदलून मागू का?

उत्तर : साधा हिशोब करा. बॅटरी ५७ वॉट-अवरची असेल आणि लॅपटॉप १० वॉट घेत असेल तर साडेपाच तास चालतो. ३० वॉट घेत असेल तर दोन तासही नाही. नोट्स लिहिताना ३० वॉट जाताहेत याचा अर्थ बहुधा ग्राफिक्स कार्ड झोपतच नाही.

कंपनीच्या ॲपमध्ये ग्राफिक्स मोड ‘डिस्क्रीट’ किंवा ‘अल्टिमेट’ असेल तर तो ‘हायब्रिड’ करून रीस्टार्ट करा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या डेस्कटॉप मेनूमधून जीपीयूचं चिन्ह टास्कबारवर आणा, कोणता प्रोग्रॅम कार्डाला जागं ठेवतोय ते तिथे दिसतं. गेमचे लाँचर आणि वॉलपेपर हलवणारे प्रोग्रॅम हे त्यातले नेहमीचे. स्क्रीन वर्गात ६० हर्ट्झवर ठेवा.

प्रोसेसर रायझन ७ ७४३५एचएस किंवा रायझन ५ ७२३५एचएस असेल तर मात्र यातलं काही चालणार नाही. या दोन्हींत अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे साधं पान दाखवायलाही मोठं कार्ड जागं राहतं. ही बॅटरीतली खराबी नव्हे, म्हणून बदलूनही मिळणार नाही. किमतीच्या मानाने हे प्रोसेसर गेमसाठी चांगले आहेत. पण ज्यांना वर्गात चार्जरशिवाय बसायचं आहे त्यांनी हे दोन नंबर टाळावेत.

प्रश्न (बीकॉमची विद्यार्थिनी, लातूर) : टॅली, एक्सेल आणि कधीमधी व्हॅलोरंट. आरटीएक्स हवं का?

उत्तर : नको. आय ५ किंवा रायझन ५, १६ जीबी रॅम आणि चांगली स्क्रीन असलेला साधा लॅपटॉप घ्या. व्हॅलोरंट अंगभूत ग्राफिक्सवरही खेळण्याजोगं चालतं. एक्सेलसाठी नंबर पॅड असलेला कीबोर्ड पाहा.

प्रश्न (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर) : तीन वर्षं वापरलेला आरटीएक्स ३०६० चा लॅपटॉप ओळखीतून मिळतोय. बघताना काय काय तपासू?

उत्तर : ३०६० मध्ये ६ जीबी व्हीरॅम आहे, मशीन अजून कामाचं आहे. नव्या फ्रेम जनरेशनची, म्हणजे मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः भरण्याची, सोय तिच्यात नाही, ती आरटीएक्स ४० मालिकेपासून आली. बघायला जाताना पेन ड्राइव्ह, हेडफोन आणि दोन तास वेळ घेऊन जा.

प्रथम बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाइप करा. तयार होणाऱ्या पानावर डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. झाकण किंवा टचपॅड फुगल्यासारखं वर आलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे, तो लॅपटॉप चार्जिंगलाही लावू नका.

बिजागरी ऐका. झाकण आठ-दहा वेळा उघडा-मिटा. कटकट आवाज किंवा कोपऱ्यात फट म्हणजे आतले प्लास्टिकचे खांब तुटलेत, आणि ही दुरुस्ती टिकत नाही.

मग चार्जर लावून अर्धा तास जड गेम चालवा. पाच मिनिटं सगळेच चालतात. बिघडलेलं कार्ड गरम झाल्यावरच पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे दाखवतं. चार्जर मूळचा आहे का, त्यावरचे वॉट मॉडेलला साजेसे आहेत का, हेही पाहा. कमी वॉटचा चार्जर असेल तर गेम खेळताना बॅटरी उतरत जाते.

पैसे देण्याआधी मालकाकडून विंडोज रीसेट करून घ्या आणि वाय-फाय जोडून सुरुवातीच्या सेटअपपर्यंत तुमच्यासमोर न्या. तिथे एखाद्या कंपनीचं नाव आणि ऑफिसचा ईमेल मागितला तर तो लॅपटॉप त्या कंपनीच्या ताब्यात नोंदलेला आहे, कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. खालच्या लेबलवरचा सीरियल नंबर बायॉसमधल्याशी आणि बिलावरच्याशी जुळवा.

प्रश्न (एक पालक, ठाणे) : माझा भाऊ न्यू जर्सीहून येतोय. तिकडे लॅपटॉप स्वस्त दिसतात. मागवू का?

उत्तर : तिकडच्या वेबसाइटवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. न्यू जर्सीत त्यावर ६.६२५ टक्के विक्रीकर लागतो, तो मिळवूनच तुलना करा. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो. भाऊ स्वतःचा आणि तुमचा असे दोन आणणार असेल तर दुसऱ्यावर शुल्क लागू शकतं. चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त भिंतीकडची वायर इथे भारतीय तीन पिनांची घ्या, दोनशे-तीनशे रुपयांत मिळते. आपल्याकडचा कीबोर्डही अमेरिकी मांडणीचाच असतो, त्यामुळे तिथे अडचण नाही.

अडतं ते वॉरंटीवर. काही कंपन्यांची वॉरंटी खरेदीच्या देशापुरतीच असते, आणि जिथे आंतरराष्ट्रीय असते तिथेही ते मॉडेल भारतात विकलं जात नसेल तर सुटा भाग यायला आठवडे लागतात. त्या मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन इथल्या ग्राहक सेवेला आधी लेखी विचारा. होकार आला आणि कर धरूनही किमतीत पंधरा-वीस हजारांचा फरक राहत असेल तर मागवा, नाहीतर ठाण्यातल्या दुकानातून बिलासह घ्या.